करकोच्याचं कार्ड

ते कार्ड घरात आलं त्या दिवसापासून स्वयंपाकघरात शिरण्याआधी मी खोकायला लागले. आपल्याच घरात, दिवसाढवळ्या. पडक्या विहिरीजवळून जाताना बायका खोकतात, म्हणजे तिथं जे काही असेल त्याला बाजूला व्हायला वेळ मिळतो. तसं. कार्ड तांदळाच्या डब्यात होतं, अगदी तळाशी, आणि भात लावायची वेळ झाली की मी वरवरचेच तांदूळ काढायची.

आता एक सांगते. मी घाबरट बाई नाही. हौशी नाटकांत मी चेटकीण केली आहे, खाष्ट सासू केली आहे, आणि एकदा ऐन प्रवेशात दिवे गेले तेव्हा काळोखात सगळ्यांचे संवाद एकटीने म्हणून प्रवेश ओढून नेला आहे. परसात साप निघाला तर मी आधी त्याचं वर्णन करते आणि मग पळते. पण त्या कार्डानं माझी पार दातखीळ बसवली.

दिसायला काय होतं? तळहातात मावेल एवढं, अर्धं गुलाबी, अर्धं निळं, चकचकीत. वर एक करकोचा काढलेला. त्याच्या चोचीत गाठोडं आणि गाठोड्यातून डोकावणारं बाळ. आमच्या मांडवी बंदराच्या बाजूला चोचीत काहीतरी धरून उडणारा पक्षी दिसला की बायका दगड घेऊन धावतात, कारण त्यानं वाळत घातलेला मासा उचललेला असतो. त्यामुळे ते चित्र पाहिल्या पाहिल्या माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की हा करकोचा बाळ आणतोय की नेतोय?

कार्ड आलं लेकीच्या पर्समधून. ती पुण्याला नोकरी करते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातवा महिना संपता संपता जावई तिला आमच्याकडे आणून सोडून गेला. रजेवर निघताना ऑफिसातल्या मैत्रिणींनी केक कापला आणि वर्गणी काढून हे कार्ड दिलं. लहान मुलांच्या वस्तूंच्या एका मोठ्या दुकानाचं. त्याचीच एक शाखा आता आमच्याकडे मारुती मंदिराच्या बाजूलाही झाली आहे. कार्ड दाखवायचं आणि हवं ते उचलायचं. अटी दोनच. सगळं एकाच खरेदीत संपवायचं, उरलं ते बुडालं. आणि मुदत.

मुदत आमच्या ह्यांनी वाचली. ह्यांची पावस गावात हापूसची थोडी कलमं आहेत, आंब्याच्या दिवसांत चष्मा कायम कपाळावर असतो. तो खाली ओढून त्यांनी कार्ड लांब धरलं, जवळ धरलं.

"मेच्या मध्यापर्यंत," ते म्हणाले.

"आणि डॉक्टरांनी तारीख दिली आहे जूनची."

"म्हणजे आधीच घ्यायला लागणार." त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं आणि बोटं लेंग्याला पुसली.

लेक खुर्चीत बसून मोबाईल बघत होती. मान वर न करता म्हणाली, "तूच बघ काय ते, आई." आणि पोटावर हात ठेवून आत गेली.

आमच्याकडे बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही आणत नाहीत. टोपडं नाही, झबलं नाही, पाळण्याची दोरीसुद्धा नाही. जन्मल्यावरही अंगाला पहिल्यांदा लावायचं ते जुनं, दुसऱ्याच्या घरात वापरलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. नवंकोरं आधीच आणून ठेवणं म्हणजे हाक मारून सांगणं, की इथे कोणीतरी येणार आहे. हाक कोणाला, ते मात्र कोणी सांगत नाही. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आहे आणि तरुणपणी ह्या असल्या गोष्टींवर पोट धरून हसले आहे. माझ्या आईची तर मी ह्यावरून नक्कल करायचे.

पण पहिलं बाळंतपण म्हणतो ते मोजायची पद्धत तशी आहे म्हणून. गेल्या वर्षीही लेकीला दिवस गेले होते. पाचव्या महिन्यात विहीणबाईंनी हौसेनं शिसवी पाळणा घरी आणला. त्याला लाल-हिरव्या लाकडी चिमण्यांची चिमणाळी टांगलेली. त्यांनी फोटो पाठवला, मी "वा वा" लिहून वर फुलं पाठवली. पुढच्याच आठवड्यात लेकीला दवाखान्यात न्यावं लागलं आणि ती रिकामी घरी परत आली.

डॉक्टरांनी सगळ्यांना बसवून नीट समजावलं. असं होतं, कोणाचं काही चुकलेलं नाही. ते मला पटतं, विहीणबाईंनाही पटतं. तरी पाळणा दुकानात परत द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी मुलाला पाठवलं नाही. स्वतः टेम्पोत पुढे बसून गेल्या आणि पाळण्यावर चादर टाकली. उन्हाळ्याच्या भर दुपारी, पांढरी चादर.

म्हणून ह्या वेळी मी घरात चिंधीसुद्धा येऊ दिली नव्हती. आणि आता हे कार्ड.

"टाकून दे समुद्रात," हे म्हणाले. "संध्याकाळी मांडवीला जा, भेळ खा आणि दे भिरकावून."

"बाळाच्या नावानं आलेलं समुद्रात टाकायचं?"

हे उठले आणि देवापुढच्या समईची वात सारखी करून आले. समई सकाळीच शांत झाली होती.

दुसऱ्याला देऊन टाकावं म्हटलं, तर बाळाच्या वाट्याचं दुसऱ्याला दिल्यासारखं होत होतं. नुसतं ठेवून द्यावं म्हटलं, तर त्याची मुदत संपणार होती. बाळाच्या नावाची मुदत संपली, हे वाक्य मी मनातसुद्धा पुरं होऊ दिलं नाही. मध्येच "राम राम" म्हणून तोडलं. गावच्या देवीला कौल लावायचाही विचार आला. पण गुरवाला सांगणार काय? 'बाय माझे, पुण्यावरनं प्लास्टिकचं कार्ड आलंय, ता खर्च करू की राखू, काय ता उजवं-डावं कर'? देवीनं कौल दिला असता हो. पण गुरवानं ते गावभर केलं असतं.

विहीणबाईंना फोन लावला. त्या बोलक्या बाई, पण त्या दिवशी आवाज अगदी खाली.

"मी बघितलं होतं ते तिच्या पर्समध्ये," त्या म्हणाल्या. "काढून घेणार होते. हात लावायचं धाडस झालं नाही."

"मग आता?"

"तुम्ही धीराच्या आहात. तुम्हीच बघा."

दोन शिकलेल्या बायका, दोन जिल्ह्यांच्या अंतरावरून, एका प्लास्टिकच्या तुकड्याला घाबरून फोनवर कुजबुजत होत्या. मला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

पळवाट सुचली ती आमसुलांसाठी रातांबे फोडताना. एवढं मोठं दुकान, त्यात एखादी तरी वस्तू मोठ्या माणसाची असणारच! बादली, आरसा, काहीही. ती घ्यायची आणि कार्ड एका फटक्यात संपवायचं. टाकलं नाही, दिलं नाही, मुदत संपू दिली नाही, आणि बाळासाठी काही आणलंही नाही. जो कोणी वर बसून हिशेब ठेवतो त्याला बोट ठेवायला जागा नाही. लाल झालेले हात धुतले, लेकीला सांगितलं बँकेत जाते, आणि रिक्षात बसले.

दुकानाचं दार आपोआप उघडलं. हे मला पहिल्यापासूनच आवडलं नाही. आत पाऊल टाकलं आणि अंगावर काटा आला, त्यातला निम्माच एसीचा. दोन्ही बाजूंना भिंतभर कपडे. माझ्या अंगठ्याला बसतील एवढे मोजे. मुठीएवढं टोपडं. मी नजर उचलली आणि छताला लावली. बघितलं तर हवंसं वाटेल, आणि हवंसं वाटणं हाच तर धोका. छताकडे बघत, मांडण्यांना धडका देत मी पुढे सरकले.

"काकू, छतावरचं काय हवंय?" दुकानातली मुलगी. केसांना गुलाबी पट्टा आणि ओठांवर हसू.

"पंखा बघत होते."

"तो विकायचा नाहीये. किती महिन्यांचं आहे बाळ?"

"बाळ नाही."

"मग यायचंय का?"

एवढ्या मोठ्यानं! सगळ्यांसमोर! मी इकडे तिकडे बघितलं आणि घाईघाईनं म्हटलं, "कोणी येणार नाही."

शब्द तोंडातून गेले, परत घेता येईनात. हे मी काय बोलले? माझ्या तोंडानं? जन्मभर दुसऱ्यांचे संवाद पाठ करून बोलले, आणि स्वतःचा एक बोलायची वेळ आली तर हा? "तसं नाही," मी म्हटलं, "म्हणजे कोणीतरी येणार, पण म्हणजे आत्ता तसं… बादली आहे का हो?"

बादली होती. तिला सशाचे कान होते. आरसा होता, तो गाडीत मागे झोपलेलं बाळ पुढून दिसावं म्हणून, आणि त्याला अस्वलाचे कान. मोठ्या माणसाची खुर्ची म्हणून मुलीनं एक छान गादीची खुर्ची दाखवली. मी टेकणार तोच ती म्हणाली, "ह्यात बसून पाजायला सोपं पडतं," आणि मी विस्तवावर बसल्यासारखी उठले. त्या दुकानात बाळाचं नाही असं काही नव्हतं, आणि कान नाहीत असंही फार थोडं होतं. शेवटी कोपऱ्यात एक प्लास्टिकचा चौरंग सापडला. मुलांनी त्यावर चढून बेसिनला हात धुवायचे, असं त्यावर लिहिलेलं होतं. ते लिहिलेलं मी पदरानं झाकलं. माळ्यावरचे डबे काढायला होईल! कार्ड संपेपर्यंत असले चौरंग घ्यायचे, आजूबाजूला वाटायचे. छातीशी धरून काउंटरवर नेला.

काउंटरवरच्या माणसानं कार्ड न बघताच कॉम्प्युटरवर बोटं ठेवली. "मोबाईल नंबर सांगा मॅडम. बाळाचं नाव? ठेवलं नसेल तर डिलिव्हरीची तारीख सांगा."

"ती कशाला?"

"आईला मेसेज जातात आमचे. बाळ जसं जसं मोठं होतं ना, त्याप्रमाणे दर महिन्याला ऑफर."

गेल्या वर्षी लेकीच्या फोनवर असेच कुठून कुठून मेसेज येत राहिले होते. तुमचं बाळ आता आवाज ओळखू लागलं असेल. तुमचं बाळ आता हसू लागलं असेल. येऊन गेलेल्याचं वाढणं कोणीतरी मोजत होतं. लेक प्रत्येक मेसेज वाचायची आणि फोन पालथा ठेवायची.

चौरंग काउंटरवर सोडला, कार्ड मुठीत धरलं आणि मी अक्षरशः पळाले. मागून ती मुलगी ओरडत होती, "काकू, बादली देऊ का?"

कार्ड परत तांदळात गेलं.

पुढचे दिवस कसे काढले म्हणून सांगू? लेक खुर्चीतून उठली की मी उठायची. ती न्हाणीघरात जास्त वेळ राहिली की मी बाहेरून उगीचच विचारायची, "साबण आहे ना गो?" दिवसाला तीनदा साबण. फोनवर कोणी नातेवाइकांनी "मग काय, आजी होणार!" म्हटलं की मी "बघू" म्हणून विषय आंब्यांच्या भावावर नेत असे. आणि हे सगळं मी अगदी हसत, नकला करत, घर डोक्यावर घेत करत होते. मला वाटत होतं, मी फारच सुंदर अभिनय करते आहे.

एका दुपारी माडीवर वाळवण पसरून खाली आले तर लेक स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली. पुढ्यात तांदळाचा डबा. तिला पेज खावीशी वाटली होती म्हणून तिनं हात घातला होता. तळहातावर कार्ड, कार्डावर तांदळाचे दाणे.

"आई, हे तांदळात कशाला?"

"मुंग्या लागू नयेत म्हणून."

ती हसली नाही.

"तुला वाटतं की ते येणारच नाही," ती म्हणाली.

"काहीतरी काय बोलतेस!"

"मग घरात एक चिंधी का नाही? माझी खोली दवाखान्यासारखी पुसून रिकामी ठेवली आहेस. फोनवर सगळ्यांना 'बघू' म्हणतेस, मला ऐकू येतं. आई, मी रोज दुपारी तिथं बसते आणि माझ्या हातात धरायला काही नसतं. मागच्या वेळी निदान पाळणा होता. मी आत कोणी नसताना त्याला झोका द्यायचे. तेवढंच काय ते माझं त्याच्याशी झालं."

हे मला माहीत नव्हतं. मी तो पाळणा आठवायची तो चादरीखालचा. तिला तो हलणारा आठवत होता.

मी तिच्यापाशी जमिनीवर बसले. बोलायला गेले तर कुठल्याच भूमिकेचा आवाज लागेना. साधाच निघाला. "मला फार भीती वाटते गो."

"मला पण वाटते." तिनं कार्डावरचे दाणे झटकले आणि एकेक वेचून डब्यात टाकले. "मग दोघींनी मिळून घाबरू या ना. तिकडे जाऊन."

गेलो तो मुदतीचा शेवटचा दिवस होता. दार आपोआप उघडलं. तीच मुलगी, तोच गुलाबी पट्टा.

"काकू! बादली?"

लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

ती थेट कपड्यांच्या भिंतीपाशी गेली आणि मलमलीचं एक दुपटं उचललं. पांढरं, त्यावर बारीक पिवळी बदकं. तिनं ते घडी न मोडता गालाला लावलं आणि डोळे मिटून तशीच उभी राहिली. मी मांडणी धरली.

"कितवा ताई?" मुलीनं विचारलं.

"नववा लागलाय," लेक म्हणाली. चांगल्या खणखणीत आवाजात, दुकानभर ऐकू जाईल असं.

आणि माझ्या आत काहीतरी तुटलं. रंगमंचाच्या कडेला उभं राहून शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा म्हणून जो आवाज असतो तो आपोआप बाहेर आला.

"आंब्यांसाठी!" मी ओरडले.

दुकान थांबलं.

"दुपटी आंब्यांसाठी हवी आहेत! साठं घालायची आहेत आमच्याकडे. रस ताटात पसरून उन्हात ठेवायचा, वर माश्या बसतात, त्यावर झाकायला पातळ मलमल लागते. बाळबीळ काही नाही! कोणी काही समजू नये! आंब्यांसाठी घेतो आहोत!"

हे मी त्या मुलीला सांगत नव्हते, हे उघड आहे. पण तिनं शांतपणे मान हलवली आणि विचारलं, "आंब्यांना बदकं चालतील की हत्ती देऊ?"

"बदकं," लेक म्हणाली. तिचा खालचा ओठ दाताखाली होता.

कार्ड संपेपर्यंत दुपटीच घेतली. मांडणीवरची संपली तशी मुलीनं आतून आणली. काउंटरवर तोच माणूस. "डिलिव्हरीची तारीख?"

"आंब्यांची?" मी म्हटलं. "पाऊस पडेपर्यंत."

"आणि मोबाईल नंबर?"

"आंब्यांना फोन नाही."

तेव्हा लेकीला हसू फुटलं. काउंटरला धरून, पोट सावरत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. कित्येक महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता. मी हसले नाही. मला वाटत होतं, एवढ्या मोठ्यानं नको गो, ऐकेल कोणीतरी.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पडवीत आली, खांबाला टेकली आणि म्हणाली, "आई, आज हललं नाहीये."

ह्यांच्या हातातली आंब्यांची टोपली खाली टेकली. दुपट्यांची पिशवी मागच्या खोलीत होती, अजून न उघडलेली. माझी नजर लेकीच्या आधी त्या दारावर गेली, आणि त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

"कधीपासून?"

"रात्रीचं लक्षात नाही. सकाळपासून तर नाहीच."

रिक्षा बोलावली. हे पुढे ड्रायव्हरशेजारी आखडून बसले, आम्ही दोघी मागे. दवाखान्यापर्यंतचा रस्ता मी जन्मभर ये-जा केलेला, पण त्या दिवशी प्रत्येक गतिरोधक माझ्या छातीवर चढून गेला. लेकीचा हात माझ्या हातात, बर्फासारखा. मी मनात त्या बदकांची हात जोडून विनवणी करत होते. परत देते, सगळी परत देते, वर चादर टाकून नेते, पण एवढं नको. शिकलेली बाई ती! त्या वेळी मला कोणी सांगितलं असतं की दुपटी जाळ, तर रस्त्यात जाळली असती. खाऊन टाक म्हटलं असतं तर खाल्ली असती.

आत घेतलं. पोटावर पट्टा बांधला, मशीन लावलं. डॉक्टरबाई काही बोलत नव्हत्या, नुसतं इथे तिथे सरकवत होत्या. खरखर. नुसती खरखर. भिंतीवर एका गुटगुटीत बाळाचं कॅलेंडर होतं, ते मी पालथं करावं का, असा विचार करत होते.

मग आवाज आला. आधी लांबून, मग जवळ. मांडवीला पहाटे बंदरातून एखादी होडी बाहेर पडते, तिच्या इंजिनाचा आवाज वाऱ्यावर येतो ना, टक्‌ टक्‌ टक्‌ टक्‌, घाईचा, एकसारखा. अगदी तसा.

"झोपलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "छान चाललेत ठोके. पण असं वाटलं की लगेच आलात ते बरं केलंत. पुन्हा वाटलं तर पुन्हा या, वाट बघत बसू नका."

त्यांनी तिला काहीतरी गोड खायला सांगितलं. ह्यांनी खिशातून एक पिकलेला हापूस काढला. टोपली ठेवताना तो हातातच राहिला होता आणि घाबरून तसाच खिशात घातलेला. बाहेरच्या बाकावर लेकीनं तो चोखून खाल्ला, कोपरापर्यंत रस. अर्ध्यावर थांबली, माझा हात ओढून पोटावर ठेवला. आतून एक लाथ बसली. माझ्या तळहातावर, मोजून द्यावी तशी.

परत येताना रिक्षात ती म्हणाली, "आई, तू काल दुकानात म्हणालीस ना, आंब्यांसाठी?"

"म्हणाले."

"मग वापर की. नाहीतर खोटं पडेल."

घरी आल्यावर मी पिशवी उघडली. ताटांत रस पसरला, अंगणात उन्हात मांडला आणि प्रत्येक ताटावर एक दुपटं बांधलं. पांढऱ्या मलमलीवर पिवळी बदकं, आणि खालून हापूसचा केशरी रंग वर डोकावतोय.

दगडी गडग्यापलीकडून शेजारच्या काकी बघत होत्या. सत्तरी उलटलेली, गल्लीतल्या निम्म्या पोरांना पहिली आंघोळ घातलेली बाई.

"काय गो, बाळाची दुपटी आंब्यावर?"

"कुठलं बाळ काकी? बदकं आहेत ती. राखणीला ठेवली आहेत."

काकींनी माझ्याकडे बघितलं. मग पडवीत बसलेल्या लेकीकडे. मग परत माझ्याकडे. "आण दोन इकडे," त्या म्हणाल्या. "माझीपण साठं उघडीच आहेत. वापरते, उकळून, धुऊन देते. माझ्या घरात राहून आली म्हणजे जुनीच झाली की ती."

दोन तिकडे गेली. संध्याकाळपर्यंत समोरच्या घरातून निरोप आला, आमच्याकडेही पाठव. पाऊस येईपर्यंत आमच्या अख्ख्या गल्लीतली साठं बदकांच्या पांघरुणाखाली वाळली. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. रोज कोणीतरी एखादं दुपटं आणून द्यायचं, उकळलेलं, उन्हानं वाळलेलं, कडेला पुसट पिवळा डाग राहिलेलं, आणि लेक ते मांडीवर घेऊन घडी घालायची. मोडायची आणि पुन्हा घालायची. तिच्या खोलीत आता काहीतरी होतं. मी दारातून बघायची आणि खोकून आत जायची. तेवढं सुटलं नव्हतं.

जूनमध्ये, एका दुपारी, दवाखान्याच्या व्हरांड्यात मी भिंतीला पाठ लावून उभी होते. ह्यांनी चष्मा पुसून पुसून काच झिजवली होती. दार अर्धं उघडून नर्सनं डोकं बाहेर काढलं.

"बाळाला गुंडाळायला काही आणलंय का? जुनं, मऊ?"

बाळाला, असं ती म्हणाली. मी पिशवीतून दुपटं काढून दिलं. तिनं ते हुंगलं.

"कसला वास येतोय हो?"

"हापूस," हे म्हणाले.

थोड्या वेळानं तिनं बाहेर येऊन माझ्या हातावर एक गाठोडं ठेवलं. गाठोड्यातून लाल, सुरकुतलेलं, रागावलेलं तोंड डोकावत होतं. मुलगी. मी दाराकडे, खिडकीकडे, छताकडे बघून घेतलं आणि मग तिला छातीशी घट्ट धरलं.

विहीणबाईंना फोन लावला. पलीकडे आधी रडणं, मग हसणं, मग पुन्हा रडणं. आणि मग अगदी खाली आवाजात, जणू मागे कोणीतरी उभं असावं तसं, त्यांनी विचारलं, "आता पाळणा आणला तर चालेल ना हो?"

"आणा," मी म्हटलं. "पण वर चादर टाकून. आणि कोणी विचारलं तर सांगा, आंब्यांसाठी."